बोटावर न कळणारा तोल

चाकूफेकीचा दीर्घ सराव असलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मध्यंतरी माझ्या हातात दोन चाकू ठेवले आणि "यांत फरक काय ते सांगा" एवढेच म्हणून ते लक्ष्याच्या ओंडक्याकडे वळले. दोन्ही चाकू एकाच जाडीच्या पोलादी पट्टीतून कापलेले होते, दोन्हींची लांबी ३० सेंटीमीटर होती आणि काट्यावर ठेवले तेव्हा दोन्ही २५० ग्रॅमच्या आसपास भरले. तर्जनी आडवी धरून तिच्यावर चाकू तोलून पाहण्याची जी सर्वपरिचित रीत आहे तीही मी करून पाहिली. दोन्ही चाकू बरोबर मध्यावर, टोकापासून १५ सेंटीमीटरवर, आडवे स्थिरावले. लांबी तीच, वजन तेच, तोलाचा बिंदूही तोच. तरीही मधोमध चिमटीत धरून मनगट डावीकडे-उजवीकडे भराभर हलवले की एक चाकू चटकन मागे फिरत होता आणि दुसरा आळसावल्यासारखा रेंगाळत होता. डोळे मिटून अदलाबदल केली तरी हात चुकत नव्हता. काट्याला आणि बोटाला जे कळले नाही ते मनगटाला कसे कळले, हा प्रश्न त्यानंतर बरेच दिवस माझ्या मागे लागला होता.

फेकायच्या चाकूंविषयी कोणाशीही बोलायला बसले की तोलाची चर्चा पहिल्या पाच मिनिटांतच सुरू होते. पात्याकडे जड, मुठीकडे जड आणि मध्यावर तोललेला अशा तीन जाती सांगितल्या जातात आणि पाठोपाठ नियमही येतो: पाते जड असेल तर मूठ धरून फेकावा, मूठ जड असेल तर पाते धरून फेकावा, आणि तोल मध्यावर असेल तर कसाही. हा नियम व्यवहारात उपयोगी आहे, याविषयी माझे काही म्हणणे नाही. त्याच्या पाठीशी जे कारण हमखास दिले जाते ते मात्र मला कधीच पटले नाही. जड बाजू आपोआप पुढे जाते, म्हणून ती लक्ष्याकडे राहील अशा रीतीने चाकू सोडावा, असे ते कारण आहे. ऐकायला ते इतके स्वाभाविक वाटते की त्यावर शंका घेणेही उद्धटपणाचे वाटावे.

हातातून सुटलेल्या चाकूला आपली जड बाजू कोणती हे ठाऊक नसते.

तो स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरत राहतो. तो मध्य पात्यात असो वा मुठीत, फिरण्याचा वेग सुटण्याच्या क्षणी जो मिळाला असेल तोच जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. जड बाजू पुढे राहावी यासाठी मागच्या हलक्या बाजूला हवेने धरून ठेवावे लागते. डार्टला मागे पंख असतात आणि वजन पुढे असते, त्यामुळे तो वाकडा सुटला तरी वाटेत सरळ होतो, बाणाचेही तेच. जपानमधील नेगिशी-र्यू या परंपरेतील फेकण्याच्या पोलादी सळया मला या दृष्टीने फार बोलक्या वाटतात. त्यांचे डोके जाड आणि जड असते, शेपटीकडे त्या निमुळत्या होत जातात आणि तेथे केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो, कारण त्या गिरकी न घेता सरळ जाव्यात अशी अपेक्षा असते. वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे, ही जोडी जमली तरच जड टोक पुढाकार घेते. नेहमीच्या सपाट, गुळगुळीत चाकूला असे शेपूट नसते, आणि तीन-चार मीटरच्या प्रवासाला जो सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो तेवढ्यात हवा त्याचे काहीही वळवू शकत नाही.

मग तोलाचे काम नेमके कोठे असते? मला वाटते, ते हातात असते. चाकू सुटण्यापूर्वी तो आणि पुढचा हात मिळून एकच दांडा असल्याप्रमाणे कोपराभोवती, काही अंशी खांद्याभोवती, फिरत असतात. त्या दांड्याचा फिरण्याचा जो वेग तोच चाकूच्या गिरकीचा वेग होतो आणि गुरुत्वमध्य त्या क्षणी ज्या वेगाने पुढे सरकत असतो तो चाकूच्या उड्डाणाचा वेग होतो. शाळेतले भौतिकशास्त्र थोडेसे आठवले तर यातून एक सुंदर गोष्ट निघते. एका पूर्ण गिरकीत चाकू किती पुढे जाईल, हे फिरण्याच्या आसापासून चाकूच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतरावर ठरते. त्या अंतराच्या सुमारे सव्वासहा पट. ते अंतर अर्धा मीटर धरले, आणि प्रौढ माणसाचा कोपर ते मुठीपर्यंतचा हात व पुढे अर्धा चाकू मिळून ते साधारण तेवढेच भरते, तर उत्तर ३ मीटरच्या किंचित पुढे येते. स्पर्धांमध्ये एका गिरकीची फेक ३ मीटरच्या आसपास ठेवलेली असते, ती उगाच नव्हे. या हिशेबात ताकद कोठेही येत नाही. चाकू दुप्पट जोराने फेकला तर तो दुप्पट वेगाने जातो आणि दुप्पट वेगाने फिरतोही, त्यामुळे लक्ष्यापर्यंतच्या गिरक्या तितक्याच राहतात. नवख्या माणसाला हे सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो, कारण चाकू रुतला नाही की अधिक जोर लावायचा ही त्याची पहिली प्रतिक्रिया असते, आणि तिने प्रश्न सुटत नाही. सुटतो तो पाय मागे-पुढे सरकवून.

पाऊल किती सरकवावे हेही ओंडक्यात रुतलेला चाकूच सांगतो. मूठ वर उचललेली असेल तर गिरकी जास्त झाली, म्हणजे थोडे पुढे यावे. मूठ खाली झुकलेली असेल तर गिरकी पुरी झाली नाही, म्हणजे मागे जावे. तीन मीटरला एक गिरकी असेल तर १० सेंटीमीटर म्हणजे १२ अंश. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की ओंडक्याकडे नुसते पाहून कोठे उभे राहायचे ते कळू लागते आणि त्यात एक निराळाच आनंद आहे.

आता याच मापाने तोलाकडे पाहावे. समजा मुठीवर दोरी गुंडाळली आणि त्यामुळे २० ग्रॅमची भर पडली. मुठीचा मध्य गुरुत्वमध्यापासून ९ सेंटीमीटरवर असेल, तर २५० ग्रॅमच्या चाकूचा तोल साडेसहा-सात मिलिमीटर मुठीकडे सरकेल. मूठ धरून फेकल्यास गुरुत्वमध्य हाताच्या तेवढा जवळ आला, म्हणजे एका गिरकीचे अंतर सुमारे ४ सेंटीमीटरने घटले, म्हणजे लक्ष्यावर ५ अंशांचा फरक. एका गिरकीच्या फेकीत तो जाणवणारही नाही. त्याउलट तोच चाकू हाताने मुठीवर ३ सेंटीमीटर वर सरकवून धरला तर अंतर १९ सेंटीमीटरने बदलते आणि कोन वीस-बावीस अंशांनी फिरतो. तोलाच्या बिंदूवरून तासन्‌तास वाद घालणारे लोक बोटे प्रत्येक वेळी त्याच जागी पडतात की नाही याकडे दुर्लक्ष करतात, असे माझे निरीक्षण आहे. आकड्यांच्या दृष्टीने हा प्रकार अगदीच उफराटा आहे. हलकी बाजू धरावी या जुन्या नियमाचा अर्थही येथे लागतो. हलकी बाजू धरली की गुरुत्वमध्य हातापासून दूर जातो, एका गिरकीचे अंतर लांबते, सुटताना जड बाजूची ओढ हाताला स्पष्ट कळते. नियम बरोबरच आहे, त्याची जागा मात्र सुटण्याच्या क्षणाच्या अलीकडे आहे.

पण या सगळ्यात मनगट धरलेलेच नाही.

हात आणि चाकू हा एकच ताठ दांडा आहे, हे मी सोयीसाठी मानले. प्रत्यक्षात मनगट कधी थोडे ढिले पडते, कधी नकळत झटका देते, आणि बोटे एकाच वेळी सुटत नाहीत. या आगंतुक झटक्यांना चाकू किती दाद देतो, हे ठरवणारी राशी वजन नव्हे आणि तोलाचा बिंदूही नव्हे. वजन गुरुत्वमध्यापासून किती दूर पसरलेले आहे ही ती राशी आहे. पाठ्यपुस्तकांत तिला जडत्व आघूर्ण असे अवघड नाव आहे. दोरीवर चालणारा कसरतपटू हातात लांब काठी घेतो ती याचसाठी; काठी जड असते म्हणून नव्हे, तिचे वजन दूरवर असते म्हणून ती सहजासहजी कलत नाही. माझ्या हातात आलेल्या दोन चाकूंचे कोडे येथे सुटले. एक चाकू मधोमध रुंद आणि दोन्हीकडे निमुळता होत गेलेला होता. दुसरा कंबरेत बारीक आणि दोन्ही टोकांकडे रुंदावलेला होता, फक्त पात्याच्या बाजूला शेवटच्या बोटभर भागात त्याला टोक काढले होते. सारख्या रुंदीच्या पट्टीशी तुलना केली तर दोन्हीकडे रेषेत निमुळत्या होणाऱ्या, तेवढ्याच लांबीच्या आणि वजनाच्या आकाराची फिरण्याला होणारी आडकाठी निम्मीच भरते, आणि सगळे वजन दोन टोकांना नेऊन ठेवता आले तर ती तिप्पट होते. बोटावर ठेवलेला चाकू यातले काहीच सांगत नाही, कारण त्याला फक्त दोन्ही बाजूंची बरोबरी कळते. वजन कोठवर पसरले आहे ते मनगट हलवल्याशिवाय कळायचे नाही. त्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या मते रेंगाळणारा चाकू शिकणाऱ्याच्या हाती द्यावा आणि चटकन फिरणारा त्याच्या हाती द्यावा ज्याला मनगट मुद्दाम वापरायचे आहे.

लांबीला म्हणूनच फार महत्त्व आहे. एखादा चाकू सर्व बाजूंनी दुपटीने मोठा केला तर वजन ८ पट होते, पण फिरण्याची आडकाठी ३२ पट होते. तळहाताएवढे, चकचकीत, काळ्या रंगाचे जे लहान चाकू संचात विकले जातात ते शिकणाऱ्याचा इतका छळ का करतात, ते यावरून ध्यानात येईल. त्यांत धोका कमी असेल अशा समजुतीने ते घेतले जातात आणि तेथेच फसगत होते. मनगटाच्या बारीकशा थरथरीनेही त्यांची गिरकी बदलते, त्यामुळे एकाच जागेवरून फेकलेले दोन चाकू दोन वेगळ्या कोनांत पोहोचतात. शिवाय ते रुतण्यापुरता जोर घेऊन येत नाहीत. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २५० ग्रॅमच्या चाकूत साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. ५० ग्रॅमच्या चाकूत त्याच वेगाला तिचा पाचवा भाग. हलका चाकू अधिक वेगाने फेकता येतो हे खरे, पण पाचपट ऊर्जेसाठी वेग सव्वादोन पट हवा, आणि रिकामा हातदेखील त्याच्या मर्यादेपलीकडे फिरत नाही. मग तो चाकू ओंडक्यावर आपटतो आणि उलट येतो. जड, लांब चाकू आपटला तर बहुधा जागच्या जागी खाली पडतो. हलका कोठे उडेल याचा नेम नसतो.

याचा अर्थ जितके जड तितके चांगले, असा मात्र नाही. चारशे-साडेचारशे ग्रॅमचा चाकू सुरुवातीच्या फेकींत आपल्याला राजासारखे वाटायला लावतो. ओंडक्यात शिरताना त्याचा जो घुमारदार आवाज येतो त्याची चटक लागते. पण खांदा लवकरच तक्रार करू लागतो, कोपर खाली येऊ लागतो, आणि कोपर खाली आला की आस बदलली, आस बदलली की गिरकीचे अंतर बदलले. जड चाकूचे फायदे तो स्वतःच दमवून परत घेतो. त्यातला मध्य ज्याने त्याने आपल्या खांद्याशी बोलून ठरवावा. माझा खांदा अडीचशे ग्रॅमच्या वर फारसे ऐकून घेत नाही.

लहानपणी सर्कशीत पाहिलेला चाकूफेकीचा खेळ या निमित्ताने आठवला. फळीला पाठ लावून उभी असलेली तरुणी, तिच्या कानाशेजारी येऊन थरथरणारी मूठ, आणि ढोलाचा आवाज. त्या वेळी मी चाकूंकडे मुळीच पाहिले नव्हते, सगळे लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होते. आता विचार करताना जाणवते की ते चाकू हातभर लांबीचे, नक्षी नसलेले, अगदी ओबडधोबड वाटावेत असे आणि एकमेकांसारखे हुबेहूब होते. खेळ करणाऱ्याला धारदार पात्याशी कर्तव्य नसते. फेकायच्या चाकूला टोक हवे, धार नको. धारेने फक्त फेकणाऱ्याची बोटे कापतात. आणि तोल कोठे आहे यापेक्षा तो संचातील प्रत्येक चाकूत तेथेच आहे, ही गोष्ट कितीतरी मोलाची. एखाद्या विचित्र तोलाच्या चाकूची हाताला सवय होते, पण दर वेळी वेगळा निघणाऱ्या चाकूची सवय कशी व्हावी?

गिरकीचा हिशेबच नको, असे ठरवणारेही होऊन गेले आहेत. मध्य आफ्रिकेतील आझांदे लोकांच्या क्पिंगा या फेकशस्त्राला एकाच दांड्यातून वेगवेगळ्या दिशांना फुटलेली अनेक पाती असतात, त्यामुळे ते कोणत्याही कोनात पोहोचले तरी काही ना काही लागतेच. पाहताक्षणी ते शस्त्र विक्षिप्त वाटते, पण वजन मध्यापासून दूर पसरवल्यामुळे त्याची गिरकीही स्थिर राहत असणार, हे लक्षात आल्यावर त्याच्या घडणीविषयी आदर वाटू लागतो.

स्थिरतेवरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सपाट चाकू दोन तऱ्हांनी गिरकी घेऊ शकतो. हातोडी धरावी तशी मूठ धरली तर पाते आपल्याच पातळीत फिरते, चक्रासारखे. ही गिरकी स्थिर असते. पण पात्याची सपाट बाजू लक्ष्याकडे करून चिमटीत धरून फेकले, तर चाकू ज्या अक्षाभोवती फिरतो तो त्याच्या तीन अक्षांपैकी मधला असतो, म्हणजे ज्याच्याभोवती फिरण्याची आडकाठी सर्वांत कमीही नसते आणि सर्वांत जास्तही नसते असा, आणि मधल्या अक्षाभोवतीचे फिरणे टिकत नाही. अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह यांनी १९८५ साली अंतराळस्थानकात फिरणाऱ्या एका पंखी नटाला (बोल्टवर बसवायच्या, दोन कान असलेल्या नटाला) ठराविक वेळाने आपोआप उलटताना पाहिले, ते याच कारणाने. चाकूही तसाच वाटेत कूस बदलतो. सुदैवाने तो कूस बदलतो ती लांबीच्या अक्षाभोवती, त्यामुळे टोक जेथे जायचे तेथेच जाते, आणि म्हणूनच अनेकांच्या हे कधी लक्षातही येत नाही. रुतलेल्या चाकूची खूण केलेली बाजू पाहिली तर मात्र चाकू वाटेत उलटल्याचे कळते.

ओंडक्यावर पोहोचल्यानंतर तोलाची परीक्षा पुन्हा एकदा होते. आडव्या कापलेल्या ओंडक्याचे तोंड समोर असेल तर टोक तंतूंच्या मधून शिरते आणि मऊ लाकूड त्याला धरून ठेवते. फळीच्या अंगाने मारले तर तंतू आडवे येतात. टोक थांबते, पण मागचे वजन अजून पुढे यायच्या घाईत असते. चाकू लक्ष्याशी काटकोनात असेल तर ते सगळे वजन टोकाला आत ढकलते. तिरका असेल तर तेच वजन त्याला उखडू पाहते आणि पात्याला वाकवते. कठीण, पातळ पात्याची स्वयंपाकाची सुरी येथे मोडते, तिचा दोष नसताना; तिला धार टिकवण्यासाठी कडक केलेले असते. फेकायच्या चाकूचे पोलाद मुद्दाम मऊ राखतात, स्प्रिंगच्या पोलादासारखे, म्हणजे ते वाकेल, पण तुकडा उडणार नाही. त्या मऊपणाची किंमत टोक चुकवते. एक चाकू दुसऱ्याच्या मुठीवर आदळला की टोकाचे पोलाद एका बाजूला दुमडून त्याची नखासारखी बारीक कड निघते, आणि बोट फिरवले की ती ओरखडते. कानशीने दोन-चार हात मारून ती काढावी लागते.

ते गृहस्थ हे काम फार निगुतीने करतात. ज्या चाकूचे टोक सर्वांत जास्त झिजले असेल तो आधी घासतात, मग संचातले बाकीचे चाकू एकेक करून काट्यावर ठेवत त्याच्या वजनाला आणतात. मी मनातल्या मनात आकडेमोड केली होती. टोकाचा १ ग्रॅम गेला तर गुरुत्वमध्य अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने सरकतो, एका गिरकीचे अंतर ४ मिलिमीटरने बदलते, आणि लक्ष्यावरचा फरक अर्धा अंशही होत नाही. त्यासाठी चांगले पोलाद घासून वाया घालवण्यात अर्थ नाही, असे मी बोललोही. त्यांनी आकडे नाकारले नाहीत. हातातला चाकू इतरांपेक्षा वेगळा आहे असे वाटले की आपण सुटण्याच्या क्षणी थबकतो, एवढेच ते म्हणाले, आणि पुढचा चाकू घासायला घेतला. नंतर मी तोही हिशेब केला. सेकंदाला तीन गिरक्या घेणारा चाकू शंभरांश सेकंद उशिरा सुटला, तर तेवढ्यात तो ११ अंश फिरलेला असतो.